हातावरचं मीठ

फार वर्षांपूर्वी, घाट फोडून गाडीरस्ता झाला नव्हता आणि मीठ बैलाच्या पाठीवर बसून वर यायचं, त्या काळात हिंगणवडीच्या गुरुवारच्या बाजाराला कोंडाबाई नावाची एक मीठवाली बसायची. खाली कोकणातल्या मिठागरावर ती गोण्या भरायची, दोन बैल पुढे घालायची आणि तीन दिवस घाट चढून बुधवारी सांजेला गावाबाहेरच्या ओढ्याशी उतरायची. नवरा कधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. बैलांची नावं तिनं सासरा आणि दीर अशी ठेवली होती, आणि चढावर त्यांना ती ज्या शिव्या हासडायची त्या ऐकून वाटेवरच्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या.

असं म्हणतात, की भर पावसात घाट चढून आली तरी तिच्या गोणीतला एक खडा विरघळायचा नाही. असं म्हणतात, की नुसता खडा दोन बोटांत चोळून ती सांगायची, हा कुठल्या आगरातला आणि कुठल्या महिन्यातला. आणि असंही म्हणतात, की कुठल्या घरात मीठ किती दिवस पुरलं यावरून त्या घरात काय चाललंय हे तिला कळायचं.

तिचा एक नेम होता. तसा तो सगळ्या मुलखाचाच होता, पण ती तो कधी मोडायची नाही. मीठ हातावर द्यायचं नाही. हातावर मीठ दिलं की देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भांडण लागतं. म्हणून कोंडाबाई मापटं भरायची आणि गिऱ्हाइकाच्या पदरात ओतायची, गाडग्यात ओतायची, काही नसेल तर वडाच्या पानावर ठेवायची आणि म्हणायची, ‘उचल बाई.’ तान्ह्या पोरानं हात पुढे केला तरी ती त्याच्या हाताशेजारी जमिनीवर खडा ठेवायची.

बाजारात दोन ओळी होत्या. वरच्या अंगाला, वडाच्या सावलीत, पुरुषांची दुकानं. कापडवाले, गूळवाले, भांडीवाले. खालच्या अंगाला, जिथं गावचं सांडपाणी उतरायचं, तिथं बायांची ओळ. चाळीस बाया. प्रत्येकीला एका गोणपाटाएवढी जागा, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणलेली. दोरीबाहेर एक कांदा घरंगळला तरी तो मक्तेदाराचा.

मक्तेदार म्हणजे बाजाराचा ठेका ज्याच्याकडे तो. त्याचा हक्क असा, की दर गुरुवारी ओळीतून फिरायचं आणि प्रत्येकीच्या मालातून एक मूठ उचलायची. याला फसकी म्हणत. त्या काळी मक्ता होता दौलू मानगावकराकडे. तालमीत घुमलेला गडी, पाटलाच्या बैठकीतला. त्याची मूठ एवढी मोठी, की कांदे विकणारी हौसा म्हणायची, “देवानं ह्याला हात द्यायचा इसरला आन् सूपच लावून दिलं.” मीठ तेवढं त्याला हातात मिळायचं नाही. कोंडाबाई त्याच्यासमोर थाळी सरकवायची, तिच्यात मापटं ओतायची. त्यालाही भांडण नको होतं. मीठवालीशी भांडून कुणाचं भलं झालंय.

याच ओळीत राही वाढली. तिची आई मिरच्या विकायची. राहीला गोणपाटावर निजवून तिनं बाजार केले, आणि राही सात वर्षांची असताना ती तापात गेली. मग पोर ओळीनंच वाढवली. हौसानं जेवायला घातलं, बांगड्या भरणाऱ्या मेहरूनबीनं न्हाऊ घातलं, कोंडाबाईनं तराजू धरायला शिकवलं. मोठी झाल्यावर ती आईच्या जागेवर मिरच्या घेऊन बसू लागली. फसकी उचलता उचलता दौलूची नजर तिच्यावर गेली आणि त्यानं मागणी घातली. मक्तेदाराचं घर, ओसरीला लाकडी खांब, दारात दुभतं. ओळीतल्या बायांना वाटलं, पोरीचं कल्याण झालं. त्यांनीच तिला हळद लावली. हे कोंडाबाई पुढे कधी विसरली नाही.

लग्नानंतर दौलूनं पहिलं काम काय केलं, तर तिची बाजारातली जागा मोडली. मक्तेदाराची बायको मातीत बसून मिरच्या विकते हे शोभत नाही म्हणाला. राहीच्या जागेएवढी दोरी त्यानं आत ओढून घेतली.

ओळीला सगळ्यात आधी कळलं ते मेहरूनबीकडून. बांगड्या भरणाऱ्या बाईला गावातल्या प्रत्येक बाईचं मनगट ठाऊक असतं. एका गुरुवारी ती कोंडाबाईजवळ येऊन बसली, हातातली बांगड्यांची माळ बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाली, “कोंडाआक्का, राहीला ह्या महिन्यात तिसऱ्यांदा बांगड्या भरल्या.”

“फुटत्यात. काच हाय,” कोंडाबाई म्हणाली.

“आपल्या हातानं फुटली तर एकदोन फुटत्यात. हिच्या दोन्ही हातातल्या सगळ्या जात्यात. आन् मनगटं अशी सुजल्यात, की माझ्याकडची सगळ्यात मोठी बांगडीबी कशीबशी चढली. पोरगी हूं का चूं करत न्हाई. वर मलाच म्हणती, काकी, तुझा हात हलका हाय.”

कोंडाबाई पाटलाकडे गेली. पाटील ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चुना नीट पसरला आणि म्हणाले, “बाई, ते घरातलं भांडण आहे. बाजारातलं असतं तर मी बघितलं असतं. तू मीठ विक.”

कोंडाबाई परत आली ती रागानं पेटून. तिनं ओळीला सांगितलं, की आजपासून दौलूच्या घरात मीठ जाणार नाही.

“आन् त्यानं आपल्याला उठवलं तर?” हौसानं विचारलं. “कांदं डोक्यावर घिऊन नाचू काय?”

“मीठ माझं हाय. उठवायचंच तर मला उठवंल. आन् मला उठवून सगळा गाव आळणी कोण ठेवंल?”

गावात दुसरा मीठवाला नव्हता. पुढचा बाजार दोन डोंगरांपलीकडे. कोंडाबाईनं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पदरात मीठ ओतताना सांगितलं, की यातला एक खडाही त्या घरी उसना द्यायचा नाही. बायांनी मान डोलावली. असं म्हणतात, की त्या दिवसापासून दौलूच्या घरात खारट म्हणून काही उरलं नाही. बरणीतली लोणची फिकी पडली, भिंतीला फुटलेला खारट लोणा गळून गेला.

दौलू बाजारात फिरायचा, थाळी पुढे यायची नाही. तो बघायचा, हसायचा आणि पुढे जायचा. बायांनाही चेव चढला. “काय दौलूभाऊ, आज कालवण कसं झालंय?” हौसा विचारायची आणि अख्खी ओळ खुसखुसायची. कोंडाबाईला वाटायचं, आज ना उद्या हा मऊ पडेल, हात जोडेल, मग त्याला राहीच्या पायाशी बसवू. असे चार गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी ती खुशीत होती. घाटात तिनं सासऱ्याला आणि दिराला एकसुद्धा शिवी दिली नाही.

पाचव्या गुरुवारी राही आली.

ती ओळीच्या मधोमध येऊन उभी राहिली. डावा हात फडक्यात गुंडाळलेला. एक गाल निळा. बाजार भर रंगात होता, तरी तिच्याभोवती आवाज कमी कमी होत गेला.

“बस पोरी,” कोंडाबाई म्हणाली.

“बसत न्हाई मावशी. एक सांगायचंय, ते सांगून जाते.” तिचा आवाज अगदी साधा होता. “तू चार आठवडं त्याचं मीठ बंद केलंस. तो रोज पाटलाच्या पंगतीला जेवतो. घरात आळणी खाते ती मी. आन् रात्री आला, की पातेल्यात बोट बुडवून चाखतो आन् म्हणतो, मीठ का न्हाई? मी म्हणते, कोंडामावशी देत न्हाई. तो म्हणतो, का देत न्हाई? मग मी काय सांगू?”

हौसानं हातातला कांदा खाली ठेवला.

“परवा त्यानं उलथनं तापवलं. म्हणाला, बाजारात जाऊन हात पसरलास, मला बदनाम केलंस. मी कुठं पसरला हात? मी तर घराबाहेरबी पडले न्हाई.” तिनं फडकं सोडलं आणि तळहात दाखवला. बघणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या. मेहरूनबीनं तेवढी मान खाली घातली नाही. ती त्या हाताकडे बघतच राहिली, जसं काही तिला उद्या त्यात बांगडी भरायची आहे.

“मला मीठ दे मावशी,” राही म्हणाली. “त्याला दे. माझी कीव आली आसंल तर त्याला मीठ दे.”

कोंडाबाई मापटं मांडीवर घेऊन तशीच बसली. आयुष्यभर तिनं घरोघरचं मीठ ओळखलं होतं. कुणाकडे दुखणं आहे, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाकडे चूल पेटत नाही, सगळं मापट्यावरून ओळखलं होतं. आणि चार आठवडे तिनं एका घराला शिक्षा केली, तेव्हा त्या घरात चुलीपुढे कोण बसतं हे तिला आठवलं नाही. असं म्हणतात, की त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या गोणीतलं मीठ ओलं झालं. आभाळात ढग नव्हता. गोणीच्या तळातून पाणी झिरपून गोणपाटाखाली आलं आणि ओळीतून वाहत गेलं.

मग तिनं डोळे पुसले आणि हाक दिली, “सरका गं.”

“कुठं सरकायचं?” टोकाकडून कुणीतरी विचारलं. “पुढं दोरी हाय.”

“दोरीबाहेर नगं. वीतभर सरका. हिकडच्यांनी हिकडं, तिकडच्यांनी तिकडं. पाट्या मांडीजवळ घ्या.”

चाळीस बाया वीतवीत सरकल्या. कुणी पाटी ओढली, कुणी टोपली टोपलीवर चढवली, कुणी पाय दुमडले. दोन्ही टोकांच्या खुंट्या होत्या तिथंच राहिल्या, दोरी तसूभर हलली नाही, आणि ओळीच्या बरोबर मधे, कोंडाबाई आणि मेहरूनबी यांच्यामध्ये, एका गोणपाटाची जागा झाली. कोंडाबाईनं रिकामी गोणी अंथरली. पलीकडच्या मिरचीवालीनं तिच्या ढिगातली अर्धी मिरची आणून त्यावर ओतली.

“बस,” कोंडाबाई म्हणाली. “तुझ्या आईची जागा हाय.”

राही बसली. तिला रडू आलं ते तेव्हा.

बाजारात बातमी पोचायला किती वेळ लागतो. दौलू आला तो फसकीच्या वेळेआधीच आला. मागे त्याचे दोन भाऊ. वरच्या ओळीतले कापडवाले आणि गूळवाले दुकानं टाकून बघायला उभे राहिले. त्यांच्यातला एकजण पुढे झाला असं गोष्टीत कुठेही नाही.

“कोण बसलंय तिथं?” दौलूनं विचारलं.

“मिरचीवाली,” हौसा म्हणाली. “डोळं चुरचुरत्याल, लांब ऱ्हा.”

“त्या जागेला माझी परवानगी न्हाई.”

“तुझी जागा घेतलीच न्हाई दादा. आमच्या आमच्यातली घेतलीया. खुंट्या मोजून बघ.”

त्यानं खरंच खुंट्यांकडे बघितलं. दोरी जिथल्या तिथं होती. मग तो ओळीसमोर आला, नेहमीसारखा वाकला आणि राहीपुढे हात पसरला. दर गुरुवारी चाळीस जणींपुढे पसरायचा तोच हात, तसाच, मूठ भरून न्यायला.

“चल घरी,” तो म्हणाला. “हात दे.”

राहीचा भाजलेला हात वर यायला लागला. सवय वाईट असते. तेवढ्यात कोंडाबाई उभी राहिली. तिनं गोणीत हात घातला, ओलं मीठ मूठभर काढलं आणि दौलूच्या उघड्या तळहातावर ठेवलं.

हातावर मीठ देताना हिंगणवडीत कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

“आजवर तुला थाळीत मीठ दिलं,” कोंडाबाई म्हणाली. “आज हातावर दिलं. तुझं नि माझं भांडण लागलं, दौलू. आता ह्ये घरातलं न्हाई. बाजारातलं झालं. पाटलाला सांग, आता तरी बघा.”

दौलूला हात मागे घेता आला असता. पण सगळं गाव बघत होतं आणि बायकांना भ्याला असं म्हणवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. तो छाती काढून हात तसाच धरून उभा राहिला, तोंडावर हसू ठेवून. त्याची चूक तिथं झाली.

कारण मेहरूनबी उठली. तिनं गोणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. “माझंबी भांडण,” ती म्हणाली. मग हौसा उठली. मग वांगीवाली, मग पोहेवाली, मग झाडण्या विकणारी म्हातारी, जिला दिसतही नव्हतं, तिला हाताला धरून आणलं. एकेक जण येत गेली, मीठ ठेवत गेली आणि एवढंच म्हणत गेली, माझंबी. माझंबी. शेवटी राही उठली. तिनं उजव्या हातानं मीठ घेतलं. ती काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. दौलूला आलं, कारण त्याचं हसू तेव्हा गेलं.

त्यानं मारायला मूठ वळायला घेतली. मूठ वळेना.

असं म्हणतात, की त्याचा तळहात आगरासारखा पांढरा पडला आणि बोटं लाकडासारखी ताठ उभी राहिली. त्यानं दुसऱ्या हातानं ती दुमडायचा प्रयत्न केला, भावांनी केला, वैद्यानं तेल चोळलं, भगतानं लिंबू फिरवलं. बोटं वाकली नाहीत. मरेपर्यंत त्याला मूठ वळता आली नाही. चाबूक धरता आला नाही, बायकोचे केस धरता आले नाहीत, आणि बाजारातून फसकीही उचलता आली नाही, कारण उघड्या हातात उचललेला माल रस्ताभर सांडतो.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. गावातले पुरुष ती इथंच संपवतात.

त्या रविवारी पंच बसले. बाजाराची घडी मोडली म्हणून बायांची ओळ गावाबाहेर काढली. ओढ्यापलीकडे, जिथं गुरंही चरत नव्हती अशा खडकाळ माळावर, तिथं बसा म्हणाले. बाया गेल्या. राहीला घेऊन गेल्या. वरच्या ओळीतल्या दुकानदारांना वाटलं, आता गिऱ्हाईक आपलंच. पण गावाला मीठ लागतं, मिरची लागते, कांदा लागतो. चौथ्या गुरुवारपर्यंत अख्खं गाव ओढा ओलांडून माळावर यायला लागलं, आणि वडाच्या सावलीत कापडवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

पाचव्या आठवड्यात कोंडाबाई नेहमीसारखी मीठ आणायला घाट उतरली. जाताना तिनं आपली जागा राहीला दाखवली आणि म्हणाली, “बुधवारी येते. माझ्या जागेवर कांदं पसरू दिऊ नकोस त्या हौसीला.” हौसानं शिवी दिली. तिघी हसल्या.

बुधवारी सांजेला बैल आले. दोघंच. सासरा पुढे, दीर मागे. पाठीवरच्या गोण्या भरलेल्या, तोंडं बांधलेली. मागं कोणी नाही.

असं म्हणतात, की घाटाच्या दुसऱ्या वळणावर पावसाची सर आली आणि कोंडाबाई मिठासारखी विरघळून डोंगरात मुरली. ती साधी बाई नव्हतीच, देवी होती, तिचं काम झालं, ती निघून गेली. असं पाटील म्हणाले. असं पंच म्हणाले. असं दौलूचे दोन्ही भाऊ तर फार भक्तीनं म्हणाले.

ओळीतल्या बाया असं म्हणत नाहीत. राही आणि हौसा दुसऱ्या दिवशी घाटात गेल्या होत्या. दुसऱ्या वळणावर त्यांना कोंडाबाईचं मापटं सापडलं, एका अंगानं चेपलेलं. एक वहाण सापडली. झुडपं मोडलेली होती आणि मातीत गड्यांच्या पायताणांच्या खुणा होत्या. त्या आठवड्यात त्या घाटात पाऊस पडला नव्हता.

“इरघळली म्हणत्यात,” हौसा म्हणाली.

“मीठ इरघळतं मावशी,” राही म्हणाली. “मापट्याला पोचा येत न्हाई त्यानं.”

ते मापटं घेऊन त्या पाटलाकडे गेल्या. पाटलांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कपाळाला लावलं. आणि त्याच वर्षी दुसऱ्या वळणावर देऊळ उठलं. तिला कुणी मारलं हे विचारायला गावात एकाही माणसाला वेळ झाला नाही. चिरे वाहायला शंभर माणसं आली. दौलूच्या भावांनी पायाचा दगड बसवला. चेपलेलं मापटं गाभाऱ्यात ठेवलं, त्यावर शेंदूर थापला, आणि शेंदराखाली पोचा दिसेनासा झाला.

राही म्हातारी होऊन गेली. मरेपर्यंत दर गुरुवारी ती मधल्या जागेवर मिरच्या घेऊन बसली. डाव्या हाताची बोटं तिची कधी सरळ झाली नाहीत. दौलूच्या हाताची गोष्ट पाच तालुक्यांत सांगतात. राहीच्या हाताची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात चमत्कार नाही.

आता घाटातून गाड्या धावतात. दुसऱ्या वळणावर मीठमायचं मोठं देऊळ आहे, ट्रस्ट आहे, पार्किंग आहे. चैत्रात जत्रा भरते. नव्या सुनांना तिथं नेतात, मीठ वाहायला लावतात, आणि पुजारी सांगतो, की माये, हिला मिठासारखी विरघळून राहायची बुद्धी दे, सासरी सोसायची ताकद दे. आरतीत मीठमायला सोशिक म्हटलंय. जिनं आयुष्यात एकदाच हातावर मीठ दिलं आणि त्यासाठी जिला मारलं, तिच्यापुढे पोरींना सोसायला शिकवतात.

ओळीतल्या बाया जत्रेला जात नाहीत. त्यांचा बाजार अजून ओढ्यापलीकडच्या माळावर भरतो. आता तिथं ऐंशी जणी बसतात, ताडपत्र्या आहेत, काहींजवळ इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. पण ओळीच्या मधोमध एका गोणपाटाची जागा रिकामी असते. तिथं कोणी पाटी ठेवत नाही. आणि प्रत्येकीच्या तराजूशेजारी झाकण घातलेला एक लहानसा वाडगा असतो. त्यातलं मीठ विकायचं नसतं. कधी एखादी बाई येते, त्या रिकाम्या जागेवर बसते. कोणी विचारत नाही, कुठनं आलीस, काय झालं. शेजारची तिच्यापुढे निवडायला मेथीची जुडी टाकते. दुसरी आली, की कोणीतरी म्हणतं, “सरका गं,” आणि ऐंशी जणी वीतवीत सरकतात.

गेल्या पौषात एका गुरुवारी तिथं एक बाई येऊन बसली. भारीतली साडी, डोळ्यांना मोठा काळा चष्मा. सगळ्यांनी ओळखलं. मीठमाय ट्रस्टच्या अध्यक्षांची बायको. हौसाच्या पणतीनं, छबूनं, तिच्यापुढे मेथी टाकली. बाईनं मेथी निवडायला घेतली. चष्म्याखालून पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलं नाही.

तासाभरात अध्यक्ष आले. पांढरे कपडे, कपाळाला देवळातला शेंदूर, मागे चार माणसं. आवाज अगदी गोड होता.

“पाहुणे आलेत घरी,” ते म्हणाले. “यांना पाठवून द्या.”

“त्यास्नी यायचं आसंल तर येतील की,” छबू म्हणाली. “पाय हायत त्यास्नी.”

अध्यक्ष बायकोकडे वळले. त्यांनी उजवा हात थोडा पुढे केला. छबूनं वाडग्यावरचं झाकण काढून खाली ठेवलं. तिच्या शेजारणीनं तिच्या वाडग्याचं काढलं. मग पलीकडचीनं. ऐंशी झाकणं निघाल्याचा आवाज ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

“करा की हात पुढं, साहेब,” छबू म्हणाली. “तुमच्याच देवीचं हाय.”

अध्यक्षांनी दोन्ही हात खिशात घातले. तसेच ते ओढा उतरून गेले, आणि ओढ्याच्या दगडांवरून तोल जात असतानासुद्धा त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.

हे नुसतं म्हणतात असं नाही. हे त्या गुरुवारी सगळ्या बाजारानं पाहिलं.